बक्षिसातला वाटेकरी

१९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात ‘उत्पन्न’ कशाला म्हणायचे याची लांबलचक यादी आहे. नफा, लाभांश अशी भारदस्त नावे ओलांडून पुढे गेले की एका पोटकलमात वेगळीच जत्रा भरलेली दिसते : लॉटरी, शब्दकोडी, घोड्यांच्या आणि इतर शर्यती, पत्त्यांचे डाव, बाकी कोणताही खेळ, शिवाय कोणत्याही स्वरूपाचा जुगार आणि पैज. लॉटरी आणि घोडे शेजारी बसले तर नवल नाही. पण रविवारच्या पुरवणीतले, आजोबा चष्मा लावून सोडवत बसतात ते शब्दकोडे या पंगतीत कसे आले?

त्यासाठी १९४०-५० च्या दशकांतल्या मुंबईत जावे लागते. तेव्हा नियतकालिकांतून शब्दकोड्यांच्या स्पर्धा निघत. कूपन कापायचे, चौकोन भरायचे, प्रवेश शुल्क जोडायचे आणि पाठवून द्यायचे. बक्षिसे भरघोस असत. मात्र कोडे बरोबर सुटले म्हणून बक्षीस मिळेलच असे नसे. कल्पना यावी म्हणून मीच एक सूचक रचतो : ‘शहाणा माणूस यापासून दूर राहतो’. पहिले अक्षर ‘वा’, दुसरे तुम्ही भरा. वाद की वाघ? दोन्ही चालतील. पण आयोजकांनी आधीच मोहोरबंद करून ठेवलेल्या उत्तरात दोहोंपैकी एकच असणार. अशी बारा सूचके आली की ४,०९६ शक्यता तयार होतात, आणि मग भाषेचे ज्ञान बाजूला राहून नशीब कामाला लागते.

मुंबई सरकारने १९४८ मध्ये लॉटरी आणि बक्षीस-स्पर्धांवर नियंत्रण आणि कर आणणारा कायदा केला. बंगळूरहून ‘स्पोर्टिंग स्टार’ नावाचे साप्ताहिक निघे. त्यातली आर. एम. डी. चमारबागवाला यांची शब्दकोडे स्पर्धा मुंबई राज्यात चांगलीच चाले, आणि कूपने गोळा करण्याची ठिकाणेही इथे होती. १९५२ मध्ये कायदा दुरुस्त करून राज्याबाहेर छापलेल्या नियतकालिकांनाही तो लावला गेला आणि भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले. १९५७ साली निकाल मुंबई राज्याच्या बाजूने लागला. ही स्पर्धा जुगाराच्याच जातीची आहे आणि जुगार हा राज्यघटनेने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे, असे न्यायालयाने ठरवले. दरम्यान केंद्रानेही १९५५ मध्ये बक्षीस-स्पर्धांचा कायदा केला होता. अशा स्पर्धेत महिन्याला एक हजार रुपयांपेक्षा जास्त बक्षिसे देता येणार नाहीत, असे त्यात म्हटले होते. शब्दकोडे निरुपद्रवी झाले ते त्यानंतर. पुढे प्राप्तिकराची यादी लिहिणाऱ्याला बहुधा त्याची जुनी ओळखच आठवली असावी.

या सगळ्यात कर होता तो स्पर्धा चालवणाऱ्यावर. जिंकणाऱ्याच्या खिशाला प्राप्तिकर खाते हात लावत नसे. उत्पन्न म्हणजे वारंवार येणारे, कशातून तरी पिकणारे काही, अशी जुनी समजूत होती. अवचित हाती लागलेला आणि पुन्हा येण्याची शाश्वती नसलेला पैसा करमुक्त राही. हे चित्र १९७२ मध्ये बदलले. राज्य सरकारांनी स्वतःच लॉटऱ्या सुरू केल्या होत्या. केरळने पहिली सोडत १९६८ मध्ये काढली आणि महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ मध्ये आली. तिकीट सरकारचे आणि बक्षीसही सरकारी असताना त्यातला वाटा मात्र सरकारला नाही, ही अवस्था कोणत्याही अर्थमंत्र्याला खुपली असती. तेव्हा अर्थमंत्री होते यशवंतराव चव्हाण. त्यांच्या १९७२ च्या वित्त कायद्याने वर सांगितलेली जत्रा ‘उत्पन्ना’च्या व्याख्येत आणून बसवली, आणि लॉटरी व शब्दकोड्यांचे बक्षीस देतानाच कर कापून घ्यायची सोयही केली.

व्याख्या झाली तरी तिच्या कडा धूसर होत्या. किती धूसर, हे एका मोटार रॅलीने दाखवून दिले. १९७३ च्या सुमारास अखिल भारतीय महामार्ग मोटार रॅली भरली. दिल्ली, मुंबई, मद्रास किंवा कलकत्ता यांपैकी कुठूनही निघायचे आणि सुमारे ६,९५६ किलोमीटरचा फेरा मारून निघालो तिथे परत यायचे. वाहतुकीचे नियम पाळायचे आणि गाडी धड ठेवायची. चुकांबद्दल दंडाचे गुण लागत. सर्वांत आधी पोचला तो पहिला, असा नियम नव्हता. या रॅलीत जी. आर. कार्तिकेयन यांना पहिले बक्षीस मिळाले. इंडियन ऑइलचे वीस हजार आणि रॅलीचे दोन हजार, एकूण बावीस हजार रुपये. प्राप्तिकर अधिकाऱ्याने ते उत्पन्नात धरले. कार्तिकेयन यांचे म्हणणे पडले की ही ना शर्यत, ना जुगार, ना लॉटरी, मग कर कसला? न्यायाधिकरणाने आणि उच्च न्यायालयाने त्यांचे ऐकले. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये ऐकले नाही. ही शर्यत नसेल, पण स्पर्धा आहे. बक्षीस मिळाले ते कौशल्याचे आणि चिकाटीचे फळ म्हणून, आणि तेही उत्पन्नच. व्याख्येत ‘समाविष्ट आहे’ असे शब्द आहेत, म्हणजे यादीत नाव नसलेली गोष्टही उत्पन्न असू शकते. बावीस हजारांचा निवाडा व्हायला वीस वर्षे लागली, पण त्यानंतर ‘माझा खेळ यादीत नाही’ हा बचाव लंगडा झाला.

मग टीव्हीवर ‘कौन बनेगा करोडपती’ आले. जुलै २००० मध्ये कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच वर्षी मुंबईचा हर्षवर्धन नवाथे पहिला करोडपती ठरला. त्या शरद ऋतूत देशभर रात्री नऊला रस्ते ओस पडत. प्रश्नमंजूषा ही लॉटरी नव्हे, शब्दकोडे नव्हे आणि पत्त्यांचा डावही नव्हे. ‘इतर कोणताही खेळ’ या शब्दांत ती बसते की नाही, यावर वकिलांना पुढची वीस वर्षे पुरेल इतके काम मिळाले असते. सरकारने ती संधी दिली नाही. २००१ च्या वित्त कायद्यात यशवंत सिन्हांनी व्याख्येला स्पष्टीकरण जोडले : लोक बक्षिसासाठी स्पर्धा करतात असा टीव्हीवरचा किंवा इलेक्ट्रॉनिक माध्यमातला कोणताही कार्यक्रम ‘खेळ’ समजायचा. लॉटरीची व्याख्याही फुगवली. चिठ्ठ्या टाकून, योगायोगाने ‘किंवा अन्य कोणत्याही रीतीने’, कोणत्याही नावाच्या योजनेत मिळालेले बक्षीस म्हणजे लॉटरी. दिवाळीत साडीच्या दुकानातल्या लकी ड्रॉमध्ये निघालेली स्कूटर तेव्हापासून कायद्याच्या दृष्टीने लॉटरीच आहे. भिशीत तुमची चिठ्ठी आधी निघाली तर घाबरू नका. ते तुमचेच पैसे आहेत, फक्त आधी हातात आले.

जाळे रुंद करताना दर मात्र उतरवला. १९८६ च्या वित्त कायद्याने या कमाईला सरसकट ४० टक्के दर लावला होता, तो २००१ मध्ये ३० टक्क्यांवर आला. तिथेच तो आजही उभा आहे. २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू होतो. त्यात कलमांचे क्रमांक बदलले, ‘मागील वर्ष’ आणि ‘कर निर्धारण वर्ष’ ही गोंधळाची जोडी जाऊन ‘कर वर्ष’ आले, पण हे तीस टक्के जागचे हलले नाहीत.

या तीस टक्क्यांचा स्वभाव पगारावरच्या करापेक्षा निराळा आहे आणि बहुतेक विजेते इथेच फसतात. पगाराला टप्पे असतात. पहिल्या काही लाखांवर शून्य, मग पाच टक्के, मग दहा, असे चढत जाते. नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंत कर नाही, हे तर आता पाठ झाले आहे. जिंकलेल्या पैशाला यातले काहीही लागू नाही. समजा, दुसरे कसलेच उत्पन्न नसलेल्या एका गृहिणीला एक लाखाची लॉटरी लागली. नव्या करप्रणालीत तिला कर बसतो ३०,००० रुपये आणि त्यावर ४ टक्के उपकर १,२०० रुपये. ‘माझे उत्पन्न तर करपात्र मर्यादेच्या आतच आहे’ हे तिचे म्हणणे तर्काला धरून आहे, कायद्याला धरून नाही. विवरणपत्र भरले की तीस हजार परत मिळतील, या आशेवर कुणी तिला ते भरायला लावले तर उलट १,२०० रुपये आणखी भरावे लागतील. विमा, भविष्य निर्वाह निधी वगैरे गुंतवणुकीच्या सवलतीही इथे कामाला येत नाहीत.

आता एक कोटीचे बघू. २०१९ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे, शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवणाऱ्या, ‘कौन बनेगा करोडपती’त एक कोटी जिंकल्या. पडद्यावर एक कोटीचा चेक दिसतो आणि गावात पेढे वाटले जातात. त्यांचा खासगी हिशेब आपल्याला काढायचा नाही, म्हणून एक काल्पनिक विजेता घेऊ, ज्याला बाकी उत्पन्न अजिबात नाही. वाहिनी ३० टक्के, म्हणजे तीस लाख कापून सत्तर लाख देते. विजेत्याला वाटते, कराचे झाले. पण उत्पन्न पन्नास लाखांच्या वर गेले की करावर १० टक्के अधिभार लागतो, तो तीन लाख. मग तेहतीस लाखांवर ४ टक्के उपकर, एक लाख बत्तीस हजार. एकूण कर ३४,३२,००० रुपये. म्हणजे सत्तर लाख बँकेत आल्यावर चार लाख बत्तीस हजार अजून द्यायचे असतात, आणि तोवर घराचे टोकन देऊन झालेले असते. उत्पन्न एक कोटीच्या पुढे सरकले तर अधिभार १५ टक्के होतो. सीमारेषेच्या अगदी जवळ असणाऱ्यांना थोडी सवलत आहे, पण ती थोडीच. असा पैसा हाती आला की उरलेला कर लगेच आगाऊ भरून टाकणे बरे. पुढच्या जुलैपर्यंत थांबलात तर व्याज लागते.

दहा हजार रुपयांची मर्यादा अशीच चुकीची समजली जाते. लॉटरी, खेळ किंवा घोड्यांची शर्यत यांत एका वेळी दहा हजारांपेक्षा कमी मिळाले तर देणारा टीडीएस कापत नाही. ही मर्यादा कापण्यापुरती आहे, करापुरती नाही. नऊ हजारांचे बक्षीसही विवरणपत्रात दाखवायचे असते आणि त्यावरही तोच ३० टक्के दर. अशा बक्षिसातले पहिले पाच हजार पूर्वी करमुक्त असत. ती सूट २००३ पासून गेली.

या कायद्याचा सर्वांत कठोर भाग अजून पुढेच आहे. धंद्यात खर्च वजा होतो, शेअरमध्ये तोटा पुढे ओढता येतो. इथे काहीच वजा होत नाही. वर्षभर दर आठवड्याला शंभराचे तिकीट घेतले आणि एकदा पाच हजार लागले तरी कर पाच हजारांवर. पाच हजारांपेक्षा जास्त तर तिकिटांवर गेले, हे ऐकायला कायदा बसलेला नाही. पणजीला मांडवीतल्या बोटीवरच्या कॅसिनोत कुणी संध्याकाळी एक लाख जिंकला आणि पहाटेपर्यंत सव्वा लाख हरला, तर घरी जाताना तो गरीब असतो आणि प्राप्तिकराच्या लेखी श्रीमंत. घोड्यांच्या बाबतीत एक अपवाद आहे आणि तो पैसे लावणाऱ्यासाठी नाही, मालकासाठी आहे. महालक्ष्मीला किंवा पुण्याला ज्याचे घोडे धावतात त्याला घोड्यांच्या देखभालीचा खर्च बक्षिसाच्या रकमेतून वजा करता येतो, आणि तोटा झाला तर तो फक्त याच उत्पन्नाविरुद्ध पुढची चार वर्षे ओढता येतो. कठड्याबाहेर उभे राहून ‘पळ रे’ म्हणून ओरडणाऱ्याला यातले काही नाही. घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मान्य केले, पण ते जुगारबंदीच्या कायद्यापुरते. प्राप्तिकराला कौशल्य आणि नशीब यांच्या भांडणात रस नाही.

मला हा कायदा लॉटरी आणि कॅसिनोच्या बाबतीत योग्य वाटतो. ज्यात काही पिकत नाही त्यातल्या तोट्याला समाजाने हातभार का लावावा? पण पंधरा वर्षे पुस्तके वाचून सोळा प्रश्नांची उत्तरे देणाऱ्याला आणि मटक्यात ओपन-क्लोज लावणाऱ्याला एकाच दराने मापणे, आणि तेही उत्पन्नाची पातळी न बघता, हे आळशीपणाचे आहे. खिचडी शिजवणाऱ्या बाईला आणि आधीच तीस टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्या कंपनी संचालकाला पहिल्या रुपयापासून सारखाच दर लावायला कायद्याचे कोणतेही तत्त्व सांगत नाही. वसुलीची सोय तेवढी सांगते.

मटक्याचा विषय निघालाच आहे तर हेही सांगतो. धंदा बेकायदेशीर असला म्हणून त्यातली कमाई करमुक्त होत नाही. ‘जुगार किंवा पैज, कोणत्याही स्वरूपाची’ असे शब्द आहेत. अर्थात आकडा लागला म्हणून विवरणपत्र भरणारा माणूस माझ्या ऐकिवात नाही.

वस्तूच्या रूपातल्या बक्षिसाची तऱ्हा वेगळी. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये बैलगाडा शर्यतींचा मार्ग मोकळा केला आणि गावोगावच्या घाटांत पुन्हा धुरळा उडाला. बक्षिसे दुचाकीपासून ट्रॅक्टरपर्यंत, मोठ्या मैदानात थार गाडीसुद्धा. महाराष्ट्र केसरीच्या आखाड्यातही चांदीच्या गदेबरोबर हल्ली चारचाकी उभी असते. कायद्यात ‘घोड्यांच्या शर्यतींसह सर्व शर्यती’ असे लिहिलेले आहे, तेव्हा खिल्लारी जोडी त्यातून सुटत नाही. गाडीतून तीस टक्के कापायचे कसे? चाक काढून घेता येत नाही. म्हणून कायदा म्हणतो की बक्षीस वस्तूचे असेल, किंवा बरोबरची रोख रक्कम कराला पुरत नसेल, तर आधी कर भरला गेला आहे याची खात्री करूनच देणाऱ्याने वस्तू हवाली करावी. दहा लाखांच्या गाडीसाठी आधी तीन लाख मोजावे लागतात. काही आयोजक ते स्वतः भरतात, काही विजेत्याकडे मागतात. त्यात नोंदणी आणि विमा वेगळा. गुलाल उधळून झाल्यावर बैलांचा मालक गाडी तिथेच विकायची गोष्ट काढतो, त्यात हेही एक कारण असते. स्पर्धेच्या पत्रकावर ‘कर विजेत्याने भरावा’ असे बारीक अक्षरात आहे का, ते जोडी उतरवण्याआधी वाचलेले बरे.

सगळी बक्षिसे मात्र करात सापडत नाहीत. केंद्र किंवा राज्य सरकारने सार्वजनिक हितासाठी दिलेले पुरस्कार, तसेच केंद्राने मान्यता दिलेल्या संस्थांचे पुरस्कार करमुक्त असतात. खेळाडूंच्या बाबतीत जानेवारी २०१४ हा महत्त्वाचा महिना. तोवर प्रत्यक्ष कर मंडळाचे १९८६ चे एक परिपत्रक हौशी खेळाडूंना आधार देत असे : धंदा म्हणून न खेळणाऱ्याला मिळालेले बक्षीस ही कौतुकाची भेट आहे, कमाई नव्हे. पण पुढे मोठ्या रकमेच्या भेटींवरच कर आला, आणि परिपत्रकाचा पायाच निसटला. मंडळाने ते मागे घेतले आणि त्याच महिन्यात दुसरा आदेश काढला. ऑलिंपिक, राष्ट्रकुल आणि आशियाई स्पर्धांतल्या पदकविजेत्यांना केंद्र आणि राज्य सरकारे जे रोख बक्षीस देतील त्यावर कर नाही. २०२४ मध्ये पॅरिसला कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्यपदक मिळवले आणि राज्य सरकारने रोख बक्षीस जाहीर केले, ते या आदेशात बसते. तेच कौतुक एखाद्या कंपनीने किंवा क्रीडा संघटनेने केले तर ही सूट आपोआप मिळत नाही. पदक एकच, माणूस तोच, फक्त चेकवरची सही बदलली की कर बदलतो. व्यावसायिक क्रिकेटपटूची तर मानधनासारखीच बक्षिसेही त्याच्या व्यवसायाच्या हिशेबात जातात.

घरात गाणारे मूल असेल तर आणखी एक बारकावा लक्षात ठेवा. अज्ञान मुलाचे उत्पन्न सामान्यतः आई किंवा वडिलांच्या उत्पन्नात मिळवतात. पण मुलाने स्वतःच्या कौशल्यावर किंवा अंगभूत गुणावर कमावलेले त्याचेच धरले जाते. ‘लिटल चॅम्प्स’सारख्या कार्यक्रमातले बक्षीस मुलाच्या नावावर, त्याच्या स्वतःच्या पॅनवर दाखवायचे. त्याच मुलाच्या नावाने काढलेले लॉटरीचे तिकीट लागले तर ती रक्कम आई किंवा बाबांच्या उत्पन्नात.

फोनवरच्या पैशाच्या खेळांनी या कायद्याची शेवटची परीक्षा घेतली. लाखो माणसे रोज दहा-वीस रुपये लावणार, काढणार, पुन्हा लावणार. इथे दहा हजारांची मर्यादा ठेवली असती तर एक पैसाही कापला गेला नसता. म्हणून एप्रिल २०२३ पासून ऑनलाइन खेळांसाठी वेगळी तरतूद आली. दर तोच ३० टक्के, पण दहा हजारांची मर्यादा नाही, आणि गंमत म्हणजे इथे निव्वळ जिंकलेली रक्कम धरायची. वर्षभरात तुम्ही दहा हजार भरले आणि सोळा हजार काढले, तर कर सहा हजारांवर, १,८०० रुपये. पैसे काढून घेतले नाहीत तरी ३१ मार्चला खात्यात पडून राहिलेल्या जिंकलेल्या रकमेवर कापला जायचा. लॉटरीवाल्याला जी वजाबाकी पन्नास वर्षांत मिळाली नाही ती रमी खेळणाऱ्याला मिळाली. तीही फार दिवस टिकली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा करून पैसे लावून खेळायच्या खेळांवर, कौशल्याचे असोत की नशिबाचे, बंदी घातली. तोवर भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवर झळकणाऱ्या ड्रीम-११ ने पैशाच्या स्पर्धा बंद केल्या.

शिवाय खेळायला बसतानाच एक कर घेतला जातो, तो जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून लॉटरी, कॅसिनो आणि शर्यतीवरच्या पैजांना ४० टक्के दर लागतो. लॉटरीच्या शंभर रुपयांच्या तिकिटात तो आधीच धरलेला असतो, सुमारे २८ रुपये ५७ पैसे. उरलेल्यातून छपाई, विक्रेत्याचे कमिशन आणि राज्याचा वाटा गेल्यावर जे बक्षिसाच्या हंडीत पडते, त्यातून पुन्हा तीस टक्के. प्राप्तिकर जिंकणाराच भरतो, हा कर हरणाराही भरतो.

परदेशातल्या मराठी माणसांचे हिशेब वेगळे. लंडनमध्ये राहणाऱ्याला तिथल्या नॅशनल लॉटरीच्या बक्षिसावर प्राप्तिकर नाही. अमेरिकेत मोठ्या लॉटरीतून केंद्र सरकारचे २४ टक्के आधीच कापले जातात आणि बाकीचा हिशेब विवरणपत्रात होतो. अबू धाबीत नोकरी करणाऱ्या अनिवासी भारतीयाला तिथे सोडत लागली तर भारतात कर नाही. इथे राहणाऱ्याने मात्र परदेशी लॉटरीचा मोह धरू नये. तिकिटासाठी पैसे बाहेर पाठवायलाच परकीय चलनाच्या नियमांत मनाई आहे, आणि निवासी भारतीयाचे जगभरातले उत्पन्न इथे करपात्र असते.

शेवटी एक कळकळीची गोष्ट. ‘तुम्हाला केबीसीची पंचवीस लाखांची लॉटरी लागली आहे, कर आणि जीएसटीचे बारा हजार या खात्यात भरा’ असे संदेश व्हॉट्सॲपवर अजूनही फिरतात आणि माणसे अजूनही भरतात, कारण बक्षिसावर कर असतो एवढे त्यांनी ऐकलेले असते. रोख बक्षिसावरचा कर आयोजक स्वतःच बक्षिसातून कापतो. तो तुमच्याकडे आधी मागत नाही. गाडी-ट्रॅक्टरसारखे बक्षीस असेल आणि कर तुम्हाला भरायला सांगितला, तर तो प्राप्तिकर खात्याच्या पोर्टलवर, स्वतःच्या पॅनवर, स्वतः चलन काढून भरा आणि आयोजकाला पावती दाखवा. कुणाच्या खासगी खात्यात, कुणाच्या यूपीआयवर किंवा कुणाच्या हातात रोखीने तो कधीही भरायचा नसतो. ज्या स्पर्धेत तुम्ही भागच घेतला नव्हता तिचे बक्षीस तुम्हाला लागलेले नाही, आणि पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.